तांबोळी साहेबांचे भाडेकरू

तांबोळी साहेब जेवायला बसताना चष्मा काढून ठेवत आणि शेंगा सोलायला बसताना घालत. म्हणत, "ताटात काय आहे ते जिभेला कळतं. शेंगेत कोण आहे ते बघावंच लागतं."

त्यांच्या घरी मी लागले ती आमच्या ह्यांच्यामुळे. हे दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहेत. तांबोळी साहेब तिथे कधीमधी पिठलं-भाकरी खायला येत. पत्नी वारलेल्या, मुलगी निलोफर लग्न होऊन गाझियाबादला, आणि घरी येणारी बाई प्रत्येक भाजीत टोमॅटो घालायची. एकदा ह्यांना म्हणाले, "लातूरच्या माणसाला दिल्लीत उपाशी मारायचं असेल तर टोमॅटो पुरे." ह्यांनी माझं नाव सांगितलं. आमची खोली पिलंजीत, त्यांचं सरकारी घर लक्ष्मीबाई नगरात तळमजल्यावर. पायी दहा मिनिटं. डिसेंबरात मी कामाला लागले आणि अडीच वर्षांनी त्यांनी घर सोडलं. ते मोजायचे वेगळं. म्हणायचे, "ताई, तुम्ही माझ्याकडे तुरीचे तीन हंगाम होतात."

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे परातभर हिरव्या तुरीच्या शेंगा ठेवल्या. "सोल्यांची आमटी येते?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, दिल्लीत ओली तूर? मंडईत कधी दिसली नव्हती. मग खिडकीतून पाहिलं तर मागच्या अंगणात माझ्या डोक्यापेक्षा उंच अशी बावीस-तेवीस झाडं उभी. इतर क्वार्टरांच्या मागे गुलाब, शेवंती, नाहीतर मोटारसायकल. यांच्या मागे तूर.

सोलायला बसले. चार-पाच शेंगांमागे एकीला गोल भोक, आणि काहींवर हिरवट तपकिरी, अंगभर बारीक केसांची अळी. मी जे कुणीही करेल तेच केलं. बोटाने उडवून मोरीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी. अशा बऱ्याच गेल्या. साहेब पाणी प्यायला आले, मोरीत डोकावले, खिशातून चष्मा काढून घातला आणि खाली वाकले.

"किती गेले?"

मी तांब्या बाजूला ठेवला.

"दहा?"

मी पदराला हात पुसले.

"वीस? बरं. चूक माझी आहे. घरात कोण कोण राहतं ते नव्या माणसाला आधी सांगायला पाहिजे." मोरीच्या जाळीवर एक अळी अजून वळवळत होती. तिला त्यांनी चहाच्या चमच्याने उचललं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. "हे माझे भाडेकरू. सरकारी घरात भाडेकरू ठेवणं गुन्हा आहे, पण यांची तक्रार अजून कुणी केलेली नाही."

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात नियम झाला. धडकी शेंग पातेल्यात, भोकाची शेंग खिडकीतल्या ताटलीत. आमटी कमी पडली तरी चालेल, ताटलीला हात लावायचा नाही.

हा तुरीवरचा पिसारी पतंग. शेतकऱ्याच्या दृष्टीने कीडच. साहेबांनाही ते मान्य होतं. "शेतात असता तर मीही औषध मारलं असतं. इथे माझं पोट तुरीवर नाही, पगारावर आहे." त्या पतंगाला मी आधी कितीदा तरी पाहिलं असेल, पण पतंग म्हणून नाही. संध्याकाळी भिंतीवर वाळलेल्या गवताची काडी चिकटल्यासारखी दिसते, मध्ये एक बारीक काडी आणि वर आडवी दुसरी. ती आडवी काडी म्हणजे त्याचे पंख, घट्ट मिटलेले. साहेबांनी भिंग हातात देऊन दाखवलं. पंख अख्खे नसतातच. पुढचा पंख टोकाकडे फाटून दोन फाटे झालेला, मागच्याचे तीन, आणि प्रत्येक फाट्याला पिसासारखी झालर. पाय लांब, काटेरी, आणि इतके बारीक की हा उभा कसा राहतो असं वाटावं.

"एवढ्या फाटक्या पंखांनी उडतो?" मी विचारलं. त्या घरातला माझा तो पहिला प्रश्न असावा.

"उडतो. पण सरकारी कामासारखा. थोडंसं, आणि परत बसतो."

ऑफिस त्यांच्या बोलण्यातून कधी सुटायचं नाही. मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत फायलींनी त्यांना जे शिकवलं ते सगळं त्यांनी अळ्यांना लावलं. पतंगीण कळीवर किंवा कोवळ्या शेंगेवर एकेकच अंडं घालते, खसखशीपेक्षा बारीक. त्यातून निघालेली अळी मोठी होताना चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था. साहेबांनी त्यांना हुद्दे दिले होते. खालचा कारकून म्हणजे एलडीसी, वरचा यूडीसी, मग असिस्टंट, सेक्शन ऑफिसर आणि शेवटी अंडर सेक्रेटरी. प्रत्येक हुद्द्याला एका रंगाचा दोरा. अळी ज्या शेंगेवर असेल त्या देठाला तो बांधायचा आणि कात टाकली की बदलायचा. शिंप्याकडून रिळं आणायची, तुकडे करून ठेवायचे, हे काम माझ्याकडे आलं. कात टाकण्याआधी अळी दिवसभर हालचाल न करता पडून राहते. मला वाटायचं मेली. साहेब म्हणायचे, "फाइल वर गेलीय. उद्या ऑर्डर निघेल."

आणि खरंच निघायची. सकाळी ऑफिसला जायच्या आधी, बूट घातलेले, टाय नीट केलेला, साहेब तुरीत उभे आणि मला खिडकीतून हाक, "ताई, लाल दोरा! अंडर सेक्रेटरी झाला. माझ्याआधी झाला, हरामखोर."

त्यांना स्वतःला ती बढती कधी मिळाली नाही. त्याबद्दल कुढताना मात्र मी त्यांना पाहिलं नाही.

शेंग पोखरणाऱ्या दुसऱ्या एका जाड अळीवर त्यांचा राग होता. ती शेंगेत अर्धी घुसते आणि एकीवरून दुसरीवर जात झाड ओरबाडते. तिला ते ठेकेदार म्हणत आणि वेचून बाहेर टाकत. पिसारी पतंगाची अळी आधी शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडते, डोकं आत घालते आणि अंग बाहेरच ठेवून दाणा खाते. साहेब म्हणत, "ही खिडकीतून जेवते. उंबरा ओलांडत नाही." माझ्याकडे बघून हसत. मीही पहिलं वर्षभर त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, चहा दारातूनच द्यायची. मला ते कळलं, पण त्यात टोचणं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर. तूर फुलावर आलेली आणि कॉलनीत डासांसाठी धूर मारायची मशीन घेऊन माणसं आली. साहेब कचेरीतून धावत आले. टॅक्सीने आले, जे ते कधी करत नसत. धूरवाल्याला म्हणाले, "भाईसाहब, पहले चाय." त्या माणसांना चहा, नानकटाई, वर लातूरच्या गप्पा. तोवर मला खुणेने सांगितलं, चादरी. घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी, एक रजई, दोन टेबलक्लॉथ आणि निलोफरच्या लग्नातला मोठा गालिचाही मी आणि त्यांनी मिळून तुरीवर पांघरला. अंगणात पाहावं तर म्हाताऱ्यांची सभा बसल्यासारखी दिसत होती.

वरच्या मजल्यावरच्या सूद आंटी गॅलरीत आल्या. मोठ्या आवाजाच्या, मायाळू बाई. "तांबोळी जी, आपकी दाल को ठंड लग गई क्या?"

"जी, बुखार है. डॉक्टर ने धुएँ से मना किया है."

"तो काढ़ा भिजवा दूँ?"

"मेहरबानी. मुझे भिजवा दीजिए, दाल सो रही है."

आंटींनी खरंच काढा पाठवला. साहेबांनी तोंड वाकडं करत तो संपवला, कारण पाठवलेलं परत करायचं नाही हा त्यांचा रिवाज. रजईला महिनाभर रॉकेलचा वास येत होता.

पण तूर फेब्रुवारीत वाळून जायची. मग अंगण रिकामं, दोऱ्यांची रिळं डब्यात, आणि साहेब उदास नाहीत पण बेचैन. हाताची बोटं मोजत बसत. "ताई, हिशोब जुळत नाही. अंड्यापासून पतंगापर्यंत महिना. पतंग जगतो आठवडाभर. तूर संपते फेब्रुवारीत आणि पुन्हा फुलते ऑक्टोबरात. मधले सात-आठ महिने हे लोक कुठे असतात? इथे कुणी दिसत नाही, आणि ऑक्टोबरात हजर. ओळखपत्र न दाखवता."

मी म्हटलं, "पुस्तकात नाही का?"

"आहे. रानटी शेंगांच्या वेलींवर राहतात असं आहे. म्हणजे कुणीतरी पाहिलंय. मी नाही पाहिलेलं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बटाटा शिजला का, पाणी आलं का, शेजारच्या ब्लॉकमध्ये चोरी झाली का, सगळ्याला एकच. "मी नाही पाहिलेलं." त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने होते, ऐकलेलं आणि पाहिलेलं. तुरीनंतर पतंग कुठे जातो, हे त्यांच्या वहीत वर्षानुवर्षं पहिल्या रकान्यातच पडून होतं.

तिसऱ्या डिसेंबरात ते निवृत्त झाले. सरकारी घर आणखी सहा महिने ठेवायची मुभा होती. त्यानंतर निलोफरकडे, गाझियाबादला, अकराव्या मजल्यावर. तिथे माती नव्हती. म्हणजे जे बघायचं ते जूनअखेरपर्यंत. हे त्यांनी कधी दुःखाने सांगितलं नाही, कॅलेंडरवर फक्त तीस जूनभोवती लाल दोरा चिकटवला.

निरोपसमारंभाच्या भाषणाचा सराव त्यांनी स्वयंपाकघरात केला. मी भाकरी थापत होते, ते हातात लाटणं धरून उभे होते. सुरुवातीचं आभारप्रदर्शन फार लांबलं. मग म्हणाले, "मित्रहो, माझ्या अंगणातला सुरवंट महिन्याभरात पाच हुद्दे पार करतो. मग कोष करून निवृत्त होतो. निवृत्तीनंतर त्याला पंख मिळतात. आपल्याला शाल आणि नारळ."

मला हसू फुटलं. तोंडावर हात न्यायला गेले तर हाताला पीठ, ते नाकाला लागलं. साहेबांनी लगेच कागदावर त्या ओळीपुढे खूण केली. "हे ठेवतो. बाकीचं काढतो." आणि म्हणे खरंच काढलं. एवढंच बोलून खाली बसले, सगळ्यात लहान भाषण. ते हिंदीत केल्यावरही लोक हसले, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दोनदा सांगितलं.

जानेवारीपासून त्यांचं शोधकार्य सुरू झालं. डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला शबनम, आत भिंग, डब्या आणि माझ्याकडून घेतलेल्या दोन दशम्या. यमुनेच्या काठाला गेले, रिजच्या झाडीत गेले, गाझियाबादच्या पलीकडच्या शेतांत गेले. भाजीबाजारात सेमच्या शेंगा यायच्या, आपला वालाचा प्रकार. त्यांच्यावर तरी असेल म्हणून त्यांनी भाजीवालीला सांगितलं, "मुझे वो दीजिए जिनमें छेद हो."

पहिल्या दिवशी तिने अर्धा किलो फुकट दिल्या. दुसऱ्या दिवशी जरा निरखून पाहिलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबूजी, छेद वाली महँगी है. सब माँग रहे हैं."

"कौन सब?"

"आप रोज़ आते हो ना."

घरी येऊन साहेब पोट धरून हसले. शेंगांत निघाले ते सगळे ठेकेदार. पुस्तक सेमबद्दलही काहीबाही सांगत होतं, पण त्यांच्या शेंगांत त्यांचा माणूस नव्हता.

मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात उन्हाने रस्त्यावरचं डांबर बुटाला लागत होतं, तरी साहेबांचं चालूच. एकदा तोंड लालबुंद करून आले आणि कूलरसमोर बसून राहिले. मी कांदा फोडून, पन्हं देऊन रागावले. राग आला की मी बोलते त्यापेक्षा भांडी जास्त आपटते. त्यांना कळलं. "ताई, पातेल्याला शिव्या देऊ नका, मला द्या."

"निलोफरताईंना सांगेन," मी म्हटलं.

"मग सकाळी सहाला जाईन, नऊला परत. चालेल?" असा आमचा करार झाला. पण वहीत दुसरा रकाना कोराच. जूनच्या मध्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि ती तिथेच राहिली. बांधाबांध सुरू झाली. ते विनोद करत, पण वाक्याच्या शेवटी थांबत आणि खिडकीबाहेर बघत. त्यांची ती गप्प बसण्याची वेळ मला त्यांच्या उन्हातल्या फिरण्यापेक्षा वाईट वाटायची.

घर सोडताना सरकारला ते स्वच्छ करून द्यावं लागतं. तपासायला आलेल्या माणसाने सगळं पाहिलं आणि मागे बोट दाखवून म्हणाला, "पीछे का जंगल साफ़ करवा दीजिए, फिर साइन." जंगल म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या भिंतीला कूलर लावलेला, त्याचं पाणी दिवसरात्र खाली गळायचं, आणि त्या ओलीवर तारेच्या कुंपणाला एक वेल माजला होता. बारीक पानं तीन-तीन, पिवळी चिमुकली फुलं. मी रोज तिथे भांडी वाळत घालायची. साहेब त्या बाजूला कधी येत नसत, ती माझी जागा असं ते धरून चालायचे.

साहेब म्हणाले, "ताई, मागचं तेवढं ओढून टाका."

अठ्ठावीस जून. पुढच्या दारी टेम्पो लागलेला, निलोफर आलेली, हमाल कपाट काढत होते. मी मागे वेल उपटत होते. अर्धा उपटून पोत्यात कोंबताना हाताला शेंगा लागल्या. नखाएवढ्या लहान, पण ठेवण तुरीचीच. आणि एकीवर ती बसलेली. डोकं शेंगेत, अंग बाहेर, अंगावर केस. तीन हंगाम दोरे बांधल्यावर मला विचारायची गरज नव्हती.

आधी वाटलं, गप्प राहावं. आपणच उपटलं, आता जाता जाता त्यांना कशाला दाखवायचं? मग खुंटीवरची टोपी आठवली. वेलाचा तुकडा दोन्ही तळव्यांवर धरून पुढच्या खोलीत गेले. तिथे चार हमाल, ड्रायव्हर, सूद आंटी, निलोफर. इतक्या माणसांत माझ्या तोंडून आवाज निघत नाही. निलोफर म्हणाली, "मौशी, वो कचरा बाहर. अब्बा, चलो ना, टेम्पोवाला वेट कर रहा है."

साहेब खोकी मोजत होते. माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"अंडर सेक्रेटरी," मी म्हटलं.

"कुठला?"

"कूलरमागचा. वेलावरचा."

त्यांनी खिसे चाचपले. चष्मा कपाळावरच होता, तो सूद आंटींनी खाली ओढून दिला. मग ते जमिनीवर मांडी घालून बसले, कारण खुर्च्या टेम्पोत गेल्या होत्या. बराच वेळ भिंग डोळ्याला. हमालांनीही कपाट तसंच धरून ठेवलं होतं.

"यमुना पालथी घातली," शेवटी ते म्हणाले, "आणि हा माझ्या कूलरचं पाणी पीत होता. आणि मी त्याला घर खाली करायची नोटीस दिली!" आणि असे हसले की हमालसुद्धा काही न समजता हसायला लागले.

"अब्बा, टेम्पो..."

"टेम्पो को चाय पिलाओ."

तासभर आम्ही उपटलेला वेल चाळला. तिघे सापडले. कूलरच्या स्टँडमागे माझा हात पोचला नव्हता तिथे वेलाचं एक जाळं शिल्लक होतं, त्याला साहेबांनी तपासणीवाल्याच्या नाकावर टिच्चून तसंच ठेवलं. पण त्यांचा आनंद अर्धाच होता. जाताना मला म्हणाले, "अळीवरून नक्की सांगता येत नाही. याच्या भाऊबंदांच्या अळ्या अशाच दिसतात. पतंग निघाला तरच पाहिलं म्हणायचं." टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले ते मांडीवर काचेची बरणी घेऊन. तिच्या तोंडाला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधलेला.

पुढच्या दिवसांत मी कुंपणाच्या तारेतून हात घालून कूलरमागच्या शेंगा अळ्यांसाठी तोडून आणायची आणि आमचे हे ड्यूटी संपल्यावर मेट्रोने गाझियाबादला पोचवायचे. घरी आले की बातमी सांगायचे. एक मेली. एकीतून पतंग नाही, मुंगीएवढी गांधीलमाशी निघाली. तिच्या आईने अळीच्या अंगातच अंडं घातलेलं असतं म्हणे. साहेबांचा निरोप असा होता, "ताईंना सांगा, पोटभाडेकरूचाही पोटभाडेकरू निघाला." म्हणजे राहिली एक. ती शेंगेच्या पाठीवर कोष करून बसली होती. कोषही अळीसारखाच केसाळ, शेपटीने चिकटलेला.

आठव्या दिवशी साहेबांचा फोन. "रंग काळसर झालाय. आज निघेल. या." एवढंच. मी तोवर एकटी मेट्रोत बसले नव्हते. ह्यांची सुट्टी नव्हती. म्हटलं, हे जर मी ऐकलं तर पहिल्या रकान्यात जाईल. साडी बदलली आणि निघाले.

निलोफरने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "मौशी, सुबह से फ्रिज बंद है. अब्बा ने बरणी फ्रिजच्या वर ठेवलीय, हिलेगा म्हणून कुणाला खोलू देत नाहीत." जावईबापू भर उकाड्यात नळाचं कोमट पाणी पीत कोपऱ्यात बसलेले. साहेब फ्रिजसमोर स्टुलावर, भिंग हातात, न्हावी गिऱ्हाइकाकडे बघतो तसे.

चारच्या सुमाराला कोषाची पाठ उलली. आधी डोकं, मग ते लांबच लांब पाय, एकेक करून, मोजत असल्यासारखे. पंख तांदळाच्या कणीएवढे, चुरगळलेले. तो शेंगेला धरून लटकला आणि पंख हळूहळू लांबत गेले. मग एकदा उघडले. पुढच्यांचे दोन-दोन फाटे, मागच्यांचे तीन-तीन. झालर ओली होती, ती वाळता वाळता फुलली. मग त्याने ते मिटले आणि गवताची काडी होऊन बसला.

साहेबांनी भिंग खाली घेतलं नाही.

"पाहिलं," ते म्हणाले.

मग भिंग माझ्याकडे दिलं, मग निलोफरकडे. तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "अब्बा, ये तो... ये तो सुंदर है यार!"

"तीस साल से बोल रहा हूँ."

जावईबापूंनी विचारलं, "तो अब फ्रिज खोल सकते हैं?"

त्याला अकराव्या मजल्यावरून सोडायला साहेब तयार नव्हते, वाऱ्याने कुठेही भिरकावला जाईल म्हणाले. म्हणून आम्ही बरणीसह लिफ्टने खाली. सातव्या मजल्यावर एक बाई आत आल्या, बरणीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "इसमें तो कुछ नहीं है, अंकल." साहेबांनी अत्यंत आदबीने मान डोलावली. खाली मेंदीच्या कुंपणात ओढणी सोडली. पतंग थोडासा उडाला आणि परत बसला. दिसेनासा झाला म्हणजे गेला नव्हता, फक्त काडी झाला होता.

ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या वर्षी निलोफरची बदली हैदराबादला झाली आणि साहेब तिच्यासोबत गेले. ईदला फोन येतो, ह्यांच्याशी बोलतात, मला नमस्कार सांगतात. फोनवर मला बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे.

त्या दिवशी मी गेटबाहेर येऊन ई-रिक्षात बसले. सवारी भरेपर्यंत रिक्षा थांबली होती, म्हणून मागे वळून पाहिलं. साहेब वर गेलेच नव्हते. पार्किंगच्या उताराला भिंतीच्या कडेने तण वाढलं होतं, तिथे ते गुडघे टेकून बसले होते. सोसायटीचा गार्ड आधी त्यांना उठवायला आला होता. आता तोही उकिडवा बसला होता आणि साहेबांच्या भिंगावर ऊन येऊ नये म्हणून आपली टोपी आडवी धरून होता. मग त्याने तणातली एक शेंग बोटाने वर उचलली.

"सर, ये वाली?"

"नहीं, ये नहीं," साहेबांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "पर देखते रहो."